एकतीस तारखेपर्यंत

गंगावेशीत, समोर काढलेलं दूध पिताना
तू विचारलंस, "मामा, तुझ्यासारखाच गेम आहे,
चार वर्षं जुना, ऐंशी टक्के सूट. घेऊ का?"
मी ग्लास खाली ठेवला नाही.
उद्यमनगरात लेथवर उभा असतो मी,
केसभर जास्त कापलं की जॉब भंगारात.
त्यामुळं आधी हिशेब.

घेतला तेव्हा दोन हजार चारशे नव्याण्णव.
दिवाळीच्या बोनसातले. मामीला सांगितलं, नऊशे.
सहा वर्षांत खेळलो दोन हजार एकशे तीन तास
(गेमच मोजतो, मी नाही),
म्हणजे तासाला एक रुपया एकोणीस पैसे.
एवढ्यात खासबागेबाहेर
शेंगदाण्याची पुडी तरी देतंय का कोण?
इथपर्यंत फायदाच.

परवा कंपनीची नोटीस आली.
एकतीस तारखेला रात्री बाराला सर्व्हर बंद.
आपल्या प्रेमाबद्दल आभार.
डिस्क माझ्या कपाटात आहे, बिल आहे,
आणि एकशे एकोणपन्नासला घेतलेला सोनेरी फेटा,
तो आता कुठं घालू, बिंदू चौकात?

तुझे आजोबा बारा वर्षं तालमीत गेले.
पावती कुठली,
हौद्यातली चिमूटभर माती घरी आणली नाही त्यांनी.
त्यांच्याकडं बघून मी स्वतःला समजावलं,
की खेळ काय कपाटात ठेवायची वस्तू आहे?
मग ध्यानात आलं,
मंगळवार पेठेत तो हौदा अजून आहे.
हळद, ताक, तेल घालून माती परततात पोरं,
आणि कुणी मेल पाठवत नाही
की उद्यापासून माती नसेल.

आम्ही चौघं होतो.
इर्शाद, शिरोलीच्या फौंड्रीतला,
आधी शिवी टाकायचा, मग बॉम्ब.
प्रणोती गडहिंग्लजची, सुट्टीच्या रात्री यायची
आणि पडलेल्यांना उठवत फिरायची, तिथंही नर्सच.
आणि घोरपड नऊ.
खरं नाव कधी विचारलं नाही त्याला,
पहिल्या महिन्यात राहून गेलं,
नंतर विचारायची लाज वाटली.
त्याच्या माइकातनं शिलाई मशीन ऐकू यायचं.
मागं कुणीतरी खोकायचं,
तो "आलो हं" म्हणून जायचा,
आणि त्याच्या उभ्या पुतळ्याभोवती
आम्ही बंदुका रोखून थांबायचो.

एका रात्रीनंतर आलाच नाही.
यादीत नाव करडं झालं, त्याखाली एक ओळ:
शेवटचा दिसला चारशे बारा दिवसांपूर्वी.
एकतीसला ती ओळही जाईल.
कुणाला जाऊन सांगू, घोरपड हरवली म्हणून?

पूर्वी मॅच चार सेकंदात जुळायची,
पाणी प्यायला उठता यायचं नाही.
आता अकरा मिनिटं. चहा होतो, कप विसळून होतो.
परवा तिघंच आत गेलो
आणि त्या पडक्या टाकीमागं, तो लपायचा तिथं,
बसून राहिलो. कुणी बोललं नाही.
समोरनं एक पोरगं आलं, नवंच असावं,
तुझ्यासारखं सूट बघून घेतलेलं.
त्यानं तिघांना टिपलं आणि वर नाचला.
इर्शाद म्हणाला, "नाचू दे लेका.
त्याला नोटीस वाचायची असंल अजून."

तर ओजस, घे.
किंमत कमी आहे म्हणून नको,
किंमत कमी का झाली ते आधी बघ,
रात्री अकराला आत किती माणसं असतात ते बघ.
तीन दोस्त जमव, मग पैसे भर.
फेटे-बिटे घेऊ नको.
आणि पहिल्याच रात्री खरं नाव विचार,
गाव विचार,
मागं मशीन कोण चालवतंय, विचार.

आण तो ग्लास इकडं.
आधी मिशी पूस, फेसाची.